न बोललेला अर्थ कसा वाचावा : कवितेत आणि सिनेमाच्या संवादात

प्रतीक ओळखा म्हटलं की बरेच जण पाठ केलेली यादी काढतात. दिवा म्हणजे ज्ञान, नदी म्हणजे आयुष्य. पण प्रतीक त्या त्या कवितेत घडतं, त्यामुळे त्याचा पुरावाही त्या कवितेतच शोधावा लागतो. बालकवींची आठ ओळींची ‘औदुंबर’ समोर ठेवून हे करून पाहू.

१. आधी सरळ अर्थ लावा. कविता दोनदा मोठ्याने वाचा. झरा, पैल टेकडीकडे चार घरांचं गाव, शेतमळे, त्यांतून गेलेली पायवाट, डोह आणि पाण्यात पाय टाकून बसलेला औदुंबर. हे चित्र डोळ्यांपुढे नीट उभं राहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. घाई इथेच नडते.

२. रंग आणि क्रियापदं यांखाली रेघा ओढा. निळासावळा झरा, हिरवी गर्दी, पांढरी पायवाट आणि मग ‘हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे’. वाट आहे, वाटसरू मात्र कुठेच नाही. आता क्रियापदं पाहा. झरा वाहतो, वाट चालते, औदुंबर तेवढा ‘बसला’ आहे. सगळ्या हालचालीच्या शेवटी एकच गोष्ट स्थिर होते आणि तिचंच नाव कवितेला दिलं आहे. औदुंबर दत्ताचा, म्हणून विरक्तीची छटा मराठी वाचकाच्या मनात आपोआप येते. ती खुशाल येऊ द्या, पण तिला आधार ‘बसला’ या शब्दाचा आहे हे विसरू नका.

३. अडखळायला लावणाऱ्या शब्दापाशी थांबा. इथे तो आहे ‘गोड काळिमा’, म्हणजे डोहाच्या लाटांवर पसरलेला काळेपणा. काळिमा एरवी फासला जातो. तो गोड कसा? ‘डोह म्हणजे मृत्यू’ म्हणून मोकळं होऊ पाहणाऱ्याला हा ‘गोड’ अडवतो. मृत्यूचा अर्थ लावायचाच असेल, तर भीतीसोबत ओढही सांगावी लागेल. माझ्या मते या कवितेचा सगळा जीव या एका विशेषणात आहे. जो अर्थ त्याला वळसा घालून जातो, तो अपुरा.

४. कवीचं चरित्र शेवटी आणा. बालकवी १९१८ मध्ये, वयाची तिशीही गाठायच्या आत, रेल्वेखाली सापडून गेले. ते ठाऊक असलं की काळा डोह म्हणजे त्यांना लागलेली चाहूल, असं म्हणण्याचा मोह होतो. पण तो अपघात कवितेनंतरचा. अर्थ कवितेच्या ओळींतूनच निघायला हवा.

५. संवाद असेल तर कोण, कोणाला, कधी हे विचारा. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात यासाठी ‘सूर्य मावळला’ एवढंच वाक्य घेतलं आहे. गुराख्याला त्यातून गुरं वळवायची वेळ कळते, अभिसारिकेला प्रियकराकडे निघायची. वाक्य तेच, व्यंजना (न बोलता सुचणारा अर्थ) वेगळी.

‘सामना’ चित्रपटातला, एका दडपलेल्या खुनाभोवती फिरणारा प्रश्न घ्या : ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ गावात कोणाचीही चौकशी आपण याच शब्दांत करतो. वाक्यात आरोप नाही, शिवी नाही, खून हा शब्दही नाही. पण विचारणारा एक दारुडा मास्तर आहे आणि समोर आहे हिंदुराव धोंडे-पाटील, ज्याच्या शब्दाबाहेर अख्खा परिसर जात नाही. त्या माणसाला हा प्रश्न विचारणं हेच धाडस. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आणि दर खेपेला जड होतो. म्हणून संवाद वाचताना पुनरुक्ती मोजा आणि वाक्यानंतरची शांतताही ऐका. उत्तर टाळलं जातं तेव्हा ते टाळणंही संवादाचाच भाग असतं.

६. अदलाबदल करून तपासा. त्या जागी ‘मारुती कांबळेला कोणी मारलं?’ असं ठेवून बघा. आरोप उघड होतो, मग ‘नाही’ म्हणून तो झटकताही येतो. ‘काय झालं’ला ती पळवाट नाही. कवितेतही ‘गोड’ काढून ‘गडद’ ठेवा आणि पुन्हा वाचा. बदलल्यावर जे निसटतं ते एका वाक्यात लिहा : तोच तुमचा गर्भितार्थ, आणि जो शब्द हलवल्यामुळे तो निसटला, तो तुमचा पुरावा.