पास झालीस, पण ऑनर्स गेलं

कोलंबस, इंडियाना. कमिन्स या इंजिन कंपनीमुळे पुण्याची निम्मी ओळखीची माणसं इथे भेटतात. त्यामुळे नववीत आले तेव्हा इथला ऑनर्स डिप्लोमा, म्हणजे बारावी संपताना मिळणारं वरच्या दर्जाचं प्रमाणपत्र, कसा मिळवायचा याच्या सल्ल्यांचा दुष्काळ नव्हता. ४७ क्रेडिट (कोर्स पास झालं की खात्यावर जमा होतं ते), सरासरी बी, गणिताची जादा २ क्रेडिट, फाइन आर्ट्सची २, परकीय भाषा तीन वर्षं एक किंवा दोन-दोन वर्षं दोन, हे सगळं मला पाठ होतं. तुम्हालाही असेलच.

पाठ असूनही मी अडकले ती गोष्ट सांगते. वाक्य एवढंसंच आहे: ऑनर्ससाठी धरल्या जाणाऱ्या प्रत्येक कोर्सला किमान सी ग्रेड लागते (वरून खाली ए, बी, सी, डी). माझ्या डोक्यात ‘कोर्स’ म्हणजे अख्खं वर्ष. इथे तसं नाही! क्रेडिट सेमिस्टरचं असतं. स्पॅनिश-३ म्हणजे दोन वेगळे कोर्स, दोन वेगळ्या ग्रेड. अकरावीत मला पहिल्या सेमिस्टरला बी मिळाला, दुसऱ्याला डी. एपी केमिस्ट्रीच्या (एपी म्हणजे शाळेतच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा विषय) नादात स्पॅनिशकडे बघितलंच नव्हतं. घरी बाबा म्हणाले, “पास झालीस ना? मग झालं.” मलाही तेच वाटलं. आपल्याकडे पस्तीस मिळाले की गंगेत घोडं न्हातं.

आणि फसवं काय, तर डीचं क्रेडिट मिळतं. ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे सगळ्या ग्रेडच्या उताऱ्यावर, १ क्रेडिट छापलेलं दिसतं, एकूण बेरीज वाढते, माझी सरासरीही बीच्या वरच होती. कुठेही लाल खूण नाही. बारावीच्या ऑक्टोबरमध्ये शाळेच्या सल्लागाराने, म्हणजे काउन्सेलरने, पिवळ्या हायलाइटरने ती एक ओळ रंगवली आणि कागद माझ्याकडे फिरवला. त्या ओळीसकट माझी क्रेडिट पुरेशी होती, पण ऑनर्सच्या हिशेबात भाषेची सहा नव्हे, पाचच. तोवर कोणी बोललं नव्हतं. मी त्यांना दोष देत नाही (खरं तर देते, पण कमी). एकेका काउन्सेलरकडे शेकडो मुलं असतात. आपला हिशेब आपणच ठेवायचा. दर सेमिस्टरनंतर ट्रान्सक्रिप्ट काढा आणि सीच्या खाली काही आहे का, एवढंच बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

घाबरू नका, वेळेत कळलं तर कोर्स पुन्हा करता येतो. मी बारावीच्या शेवटच्या सेमिस्टरला दहावीच्या पोरांमध्ये बसून तेच धडे पुन्हा केले. शेजारचा मुलगा मला ‘मॅम’ म्हणायचा. हेच एप्रिलमध्ये कळलं असतं तर काहीच करता आलं नसतं.

आता ऑनर्सची शेवटची अट, एपी वगैरेची. ती वेगवेगळ्या रस्त्यांनी पूर्ण करता येते. दोन एपी विषय मिळून ४ क्रेडिट घेतली तरी मे महिन्यातल्या त्या परीक्षांना बसावंच लागतं. गुण किती पडले ते डिप्लोमासाठी बघत नाहीत. मार्च आला की मुलं परीक्षा सोडायची भाषा करतात, तसं करू नका. ज्यांना एसएटी या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेवरून अट पूर्ण करायची आहे, त्यांनी नुसती १२५० बेरीज बघून नाचू नये: शिवाय वाचन-लेखनात किमान ५९० आणि गणितात ५६० वेगवेगळे लागतात. मला विचाराल तर ड्युअल क्रेडिटचा, म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजचंही क्रेडिट देणाऱ्या कोर्सचा, रस्ता बरा. कॉलेजची ६ क्रेडिट हातात पडतात आणि सगळा भार एका सकाळच्या परीक्षेवर राहत नाही.

व्हॉट्सअॅपवरच्या काका-काकूंचं प्रेमाने ऐका, पण त्यांची मुलं शिकली तेव्हाचे नियम वेगळे असू शकतात. २०२९ मध्ये शाळा संपवणाऱ्या बॅचपासून तर इंडियानाचा डिप्लोमाच बदलतोय, ४२ क्रेडिटचा एकच आणि वर वेगवेगळी सील, म्हणजे जादा शिक्के. तेव्हा धाकट्या भावंडांना माझा हा हिशेब देऊ नका.

मला मेमध्ये स्पॅनिशला बी-प्लस मिळाला. आमच्या शाळेत जुनी ग्रेड पुसत नाहीत, त्यामुळे ट्रान्सक्रिप्टवर तो डी अजून आहे. बाबा अजूनही म्हणतात, “पास तर होतीसच की.”