बसण्यावरून माणूस ओळखताना या चुका टाळा

व्हॉट्सॲपवर एक चित्र फिरून फिरून येतं. चार-पाच जण वेगवेगळ्या तऱ्हेने खुर्चीत बसलेले आणि प्रत्येकाखाली त्याचा स्वभाव लिहिलेला. गुडघे जुळलेले असतील तर माणूस हुशार, पायावर पाय असेल तर कल्पक, पाय फाकलेले असतील तर गर्विष्ठ. करमणूक म्हणून ठीक आहे. पण हेच डोक्यात ठेवून लोक नोकरीच्या मुलाखती घेतात, लग्नासाठी स्थळं बघतात. तिथे एखाद्याचं खरंच नुकसान होतं, म्हणून हे लिहितेय. पायांच्या एका ठेवणीवरून स्वभाव सांगता येतो, याला भरवशाचा आधार नाही.

खुर्ची न बघता माणूस बघणं

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. महापे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पावसाळ्यात मुलाखती चालू होत्या. एक मुलगा ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने घणसोलीला उतरून शेअर रिक्षाने आलेला. खुर्चीच्या अगदी कडेला बसला, बॅग मांडीवर, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. माझ्या शेजारच्या परीक्षकांनी कागदावर ‘आत्मविश्वास कमी’ असं लिहूनही टाकलं. मी विचारलं, "बॅग कुठे ठेवायचीय का?" तो म्हणाला, "हो मॅडम, खाली ओलं आहे आणि आत सर्टिफिकेटं आहेत." छत्र्यांच्या पाण्याने खरंच फरशी ओली झाली होती. बॅग टेबलावर घेतली, तसा तो मागे टेकून बसला, हात सुटले आणि पंपाचं सील का गळतं हे त्याने हातवारे करून असं समजावलं की परीक्षकांनीच पुढचे प्रश्न विचारायला सुरुवात केली.

एसीचा झोत थेट अंगावर येत असेल तर माणूस हाताची घडी घालणारच. त्याला ‘बचावात्मक पवित्रा’ म्हणायचं कारण नाही. चाकाची खुर्ची मागे पळते म्हणून कोणी पाय रोवून बसतं. लोकलच्या चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीवर टेकून आलेला माणूस पहिली काही मिनिटं अवघडलेलाच असतो. शिवाय गुडघेदुखी, कंबरेची गादी सरकलेली, पाळीचं दुखणं, यातलं काहीच बघणाऱ्याला दिसत नाही, दिसतं ते फक्त वाकडं बसणं.

अदबीला भित्रेपणा समजणं

आपल्या घरांत मोठ्यांसमोर पायावर पाय टाकून बसलं की आजी डोळे वटारते. वडीलधारे बोलत असताना नजर खाली ठेवणं हा वळणाचा भाग. अशा घरातली मुलगी ऐरोलीच्या आयटी पार्कमधल्या काचेच्या केबिनमध्ये अंग चोरून बसली, तर ते वळण आहे, तिचा स्वभाव नाही. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात तर सगळेच शिस्तीत बसलेले असतात. तिथे ‘मुलगा फार शांत वाटला’ किंवा ‘मुलगी जरा ताठ आहे’ हा निष्कर्ष दोन्ही घरांना महागात पडू शकतो. ऑटिझम असलेल्या कित्येकांना डोळ्याला डोळा देणं त्रासाचं होतं, हेही लक्षात असू द्या.

चुळबुळ म्हणजे खोटेपणा

अजिबात नाही. चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये खोटं ओळखण्याच्या अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. खोटं-खरं ओळखण्यात लोकांचा अंदाज सरासरी 54 टक्के वेळा बरोबर आला. नाणं उडवलं तरी 50 टक्के मिळतात. घाबरलेला खरा माणूसही घाम पुसतो, नजर चुकवतो.

पाय हलवण्याचंही तेच. बहुतेकांची ती नुसती सवय असते. मात्र संध्याकाळी, रात्री बसल्या-पडल्या पायांत अस्वस्थ वाटून ते हलवल्याशिवाय राहवत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. लोह कमी असल्यामुळेही तसं होतं.

‘93 टक्के संवाद देहबोलीतून’

ट्रेनिंगमध्ये हा आकडा हमखास ऐकवतात. तो मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 च्या प्रयोगांतून आला. त्यात सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवले होते, चेहऱ्याचे फोटो दाखवले होते, आणि प्रश्न आवड-नावडीपुरताच होता. तासाभराच्या मुलाखतीला तो लावणं चूकच.

मग काहीच कळत नाही का?

कळतं, थोडं. 2009 मधल्या एका अभ्यासात अनोळखी लोकांच्या पूर्ण उंचीच्या फोटोंवरून ते किती बहिर्मुख आहेत हे बघणाऱ्यांना बऱ्यापैकी ओळखता आलं. पण त्यावरून प्रामाणिकपणा, कष्टाळूपणा, निष्ठा यांच्यापर्यंत उडी मारू नका.

माझ्या मते एका ठेवणीपेक्षा बदल बघावा. सुरुवातीची पाच मिनिटं साधं बोलावं: कुठून आलात, पाणी हवंय का. तो माणूस एरवी कसा बसतो ते तेवढ्यात कळतं. पुढे पगाराचा किंवा जुन्या नोकरीचा विषय निघताच तो एकदम आखडला, तर तिथे काहीतरी आहे. काय आहे ते मात्र देहबोली सांगत नाही. ते विचारावंच लागतं: "यावर अजून काही सांगायचंय का?"

मुलाखत देणाऱ्यांसाठीही थोडं. दोन मिनिटं ऐटीत, हातपाय पसरून बसलं किंवा उभं राहिलं की हार्मोन बदलतात, असा 2010 मध्ये आलेला दावा 2015 च्या मोठ्या फेरप्रयोगात टिकला नाही. मूळ संशोधकांपैकी डेना कार्नी यांनीच 2016 मध्ये या परिणामावर आपला विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं. त्यापेक्षा दहा मिनिटं आधी पोहोचा, घाम वाळू द्या, पाठ टेकून बसा. कंबर किंवा गुडघा दुखत असेल तर बसतानाच सांगून टाका. "मला पाय थोडा लांब करून बसावं लागेल," एवढं वाक्य पुरतं.