‘सर, रूट’ हे उत्तर अर्धंच का: स्टोरेजवाल्यांसाठी एसईलिनक्स

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात किंवा मिहानमध्ये लिनक्स अ‍ॅडमिनच्या मुलाखतीला येणाऱ्या पोरांना मी एक प्रश्न हमखास विचारतो. एसईलिनक्स (लिनक्समधली जास्तीची सुरक्षा यंत्रणा) चालू असताना एलव्हीएमला (डिस्कच्या जागेचे व्हॉल्यूम बनवणाऱ्या साधनाला) डिस्कला हात लावू कोण देतं? ‘सर, रूट’, म्हणजे सर्वाधिकार असलेला यूजर, असं उत्तर येतं. रूट लागतोच, पण त्याने भागत नाही.

एसईलिनक्स अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने २००० साली खुलं केलं आणि २००३ मध्ये ते लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नल २.६ मध्ये आलं. त्यात प्रत्येक प्रोसेसला डोमेन असतं, प्रत्येक फाइलला आणि डिव्हाइसला टाइप असतो, आणि पॉलिसीत, म्हणजे नियमावलीत, नियम नसेल तर दार बंद. सिस्टिमने सुरू केलेलं एलव्हीएम ‘एलव्हीएम_टी’ मध्ये चालतं, डिस्कचा टाइप असतो ‘फिक्स्ड_डिस्क_डिव्हाइस_टी’. टर्मिनलवर रूट म्हणून बसलेले तुम्ही मात्र सहसा ‘अनकन्फाइन्ड_टी’ असता. म्हणून ‘हातानं चालते ना भाऊ, सर्व्हिसमधूनच नाही चालत’ ही तक्रार आली की आधी डोमेन बघा: ‘पीएस’ला मोठ्या झेडचा पर्याय देऊन.

आता खरी गोम. फाइलींवरची लेबलं, म्हणजे हेच टाइप, फाइलसिस्टिममार्फत पाळली जातात. एखाद्या प्रोसेसला थेट ब्लॉक डिव्हाइस, म्हणजे कच्ची डिस्क, वाचता आलं, तर त्या डिस्कवरच्या सगळ्या लेबलांना काही अर्थच उरत नाही. कळमन्याच्या गोदामाला गेटवर पावती तपासतात आणि मागची भिंत पाडलेली असते, तसं. म्हणून रेफरन्स पॉलिसीत (ज्यावर वितरणांच्या पॉलिसी बेतलेल्या असतात) यासाठी ‘नेव्हरअलाउ’ आहे: ठरावीक अ‍ॅट्रिब्यूट (डोमेनला लावलेली गटाची खूण) नसलेल्या डोमेनला कच्ची डिस्क वाचू द्यायचीच नाही. तुमच्या बॅकअप एजंटला ती खरंच लागत असेल, तर पॉलिसीत त्यासाठीचा इंटरफेस, म्हणजे तयार नियमांचा संच, आहे, तो वापरा.

लॉगमधल्या नकारांवरून नियम बनवणारं ‘ऑडिट२अलाउ’ मात्र असला विचार करत नाही. नकार दिसला की ते परवानगी लिहून देतं. आधी ऑडिट लॉगमधली एव्हीसीची, म्हणजे नकाराची, ओळ वाचा: मागणारा कोण, कशावर, कोणत्या क्लासवर. क्लास ‘बीएलके_फाइल’ (ब्लॉक डिव्हाइस) असेल तर थांबा आणि कारण विचारा. तपासापुरतं ते एकच डोमेन ‘सीमॅनेज’ने परमिसिव्ह (नकार फक्त नोंदवायचा, अडवायचं नाही) करता येतं, सगळं मशीन उघडं टाकायची गरज नसते.

सरावाला व्हर्च्युअल मशीनवर रॉकी किंवा अल्मा लिनक्स टाका आणि एक रिकामी डिस्क जोडा. व्हॉल्यूम बनवा, त्यावर एक्सएफएस फाइलसिस्टिम करा, ‘एसआरव्ही’खालच्या फोल्डरला माउंट करा. ताज्या फाइलसिस्टिमचं मूळ ‘अनलेबल्ड_टी’ दिसेल, आणि अपाची या वेब सर्व्हरला तिथून पान देता येणार नाही. ‘सीमॅनेज एफकॉन्टेक्स्ट’ने नियम नोंदवा, मग ‘रिस्टोअरकॉन’ने लेबल लावा. थेट लेबल बदलणाऱ्या ‘सीएचकॉन’नेही काम होतं, पण पुढच्या रीलेबलला ते पुसलं जातं. माउंट करण्याआधी लेबल लावू नका. ते खालच्या रिकाम्या फोल्डरला लागतं. रेड हॅटच्या आरएचसीएसए या अ‍ॅडमिन परीक्षेत एलव्हीएम आणि एसईलिनक्स दोन्ही येतात, तेव्हा हा सराव तिथेही कामी येतो.

कधीकधी काम अडतं आणि लॉगमध्ये काहीच नसतं. तेव्हा ‘डोन्टऑडिट’ नियम नकार लपवत असू शकतात. ‘सीमॉड्यूल’ मोठ्या डी आणि बीसह चालवा, बिघाड पुन्हा घडवा, ओळ टिपा, मग नुसत्या मोठ्या बीने पूर्ववत करा. हे मुलाखतीत आपणहून सांगणाऱ्याला मी पुढचे प्रश्न जरा कमीच विचारतो.