तिसरी पातळी पहिल्या दिवसापासून बघा

सुपरकंडक्टिंग क्युबिटवर, म्हणजे क्वांटम संगणकाच्या अतिवाहक सर्किटातल्या बिटवर, काम सुरू केलं तेव्हा माझं पहिलं सिम्युलेशन शून्य आणि एक या दोनच ऊर्जापातळ्यांचं होतं. त्यात 8 नॅनोसेकंदांचा मायक्रोवेव्ह पल्सही अचूक गेट (क्युबिटवरची एक क्रिया) देत होता. तोच पल्स खऱ्या चिपवर लावला, तर दहा-वीस गेटांनंतर आकडे ढळायला लागले. तीन आठवडे मी केबल, मिक्सर, अँप्लिफायर तपासत बसले. दोष तिथे नव्हताच.

माझा क्युबिट ट्रान्समॉन जातीचा होता, आणि ट्रान्समॉन ही मुळात दोन पातळ्यांची वस्तू नाही. येल विद्यापीठातल्या गटाने 2007 साली तो मांडला, विद्युतभाराच्या गोंगाटाचा त्रास कमी व्हावा म्हणून. त्या बदल्यात ऊर्जेच्या पायऱ्या जवळजवळ सारख्या उंचीच्या झाल्या. माझ्या चिपवर शून्य ते एक ही उडी 5 गिगाहर्ट्झच्या आसपास होती आणि एक ते दोन त्याहून फक्त 220 मेगाहर्ट्झनी कमी. या फरकाला अनहार्मोनिसिटी म्हणतात. सगळी कसरत तिच्यापायी.

आता पल्स जितका आखूड, तितका त्याचा वर्णपट (त्यातल्या फ्रिक्वेन्सींचा पसारा) रुंद. गाउसियन (घंटेच्या आकाराच्या) पल्सचा सिग्मा, म्हणजे रुंदीचं माप, 5 नॅनोसेकंद असेल, तर वर्णपटाचा सिग्मा साधारण 32 मेगाहर्ट्झ. सिग्मा 2 नॅनोसेकंदांवर आणलात, की तो 80 होतो आणि शेपूट थेट दुसऱ्या उडीपर्यंत पोचतं. शिवाय एक-दोन उडीची जोडणी शून्य-एकपेक्षा वर्गमूळ दोन पट जास्त. म्हणजे क्युबिट वर निसटायला वाट मोकळीच. यालाच लीकेज म्हणतात.

यावरचा उपाय 2009 साली मोत्झोई, गॅम्बेटा, रेबेनट्रोस्ट आणि विल्हेल्म यांनी मांडला: ड्रॅग. मुख्य पल्सचं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं, अनहार्मोनिसिटीने भागायचं आणि 90 अंश फेज सरकवून त्याच पल्समध्ये मिसळायचं. वर्णपटात नेमकी नको त्या फ्रिक्वेन्सीवर खाच पडते. इतक्या साध्या युक्तीने एवढं साधतं, याचं मला आजही नवल वाटतं.

प्रत्यक्षात मात्र डेरिव्हेटिव्ह किती मिसळायचं, तो गुणांक हातानेच शोधावा लागतो. आधी 90 अंशांचा एक्स (क्युबिटला एक्स अक्षाभोवती फिरवणारा गेट) आणि मग 180 अंशांचा वाय, ही एक जोडी. आधी 90 अंशांचा वाय आणि मग 180 अंशांचा एक्स, ही दुसरी. गुणांक बदलत दोन्हींचे निकाल एकाच आलेखावर काढायचे. दोन तिरक्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तो तुमचा गुणांक. माझा पहिल्यांदा उणे आला. सूत्र बरोबर होतं. मी मिक्सरची वरची साइडबँड (दोन फ्रिक्वेन्सी मिसळल्यावर निघणारी बेरजेची फ्रिक्वेन्सी) धरली होती आणि यंत्र खालची (वजाबाकीची) देत होतं, त्यामुळे चिन्ह उलटलं होतं. चिन्ह चुकलं तर ड्रॅग लीकेज वाढवतो. आपल्या सेटअपमध्ये कोणती साइडबँड आहे, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. या आलेखातून मिळणारा गुणांक फेजची चूक घालवतो. लीकेज सर्वांत कमी करणारा गुणांक वेगळा असतो. दोन्ही हवं असेल, तर गुणांक लीकेजसाठी लावा आणि उरलेली फेजची चूक ड्राइव्हची (क्युबिटला दिलेल्या पल्सची) फ्रिक्वेन्सी किंचित सरकवून काढा.

सिम्युलेशनमध्ये निदान तीन पातळ्या घ्या. चार घेतल्यात तर उत्तमच. पायथनमधल्या क्यूटिप या सिम्युलेशन लायब्ररीत एक आकडा बदलायचा असतो. आणि मोजमापात दोनच पातळ्या धरू नका. क्युबिट मुद्दाम दुसऱ्या पातळीवर नेऊन तिचे बिंदू आयक्यू आलेखावर (मोजलेल्या सिग्नलचे दोन घटक दोन अक्षांवर) कुठे पडतात, ते आधी बघून ठेवा. मी हे केलं तेव्हा जुन्या डेटामध्ये 'एक'च्या ढगाला चिकटलेला एक फिकट तिसरा ढग दिसला. माझा उंबरठा (शून्य आणि एक वेगळे करणारी सीमारेषा) त्या बिंदूंना आजवर 'एक' म्हणूनच मोजत होता.