सेलिब्रिटी क्विझमधून इंग्रजी ऐकण्याचा सराव: नावाला एक गुण, तपशिलाला चार

वर्गात सेलिब्रिटी क्विझ घेतली, म्हणजे एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीबद्दल इंग्रजीत पाच वाक्यं वाचून ती ओळखायला लावली, की हमखास घडणारी गोष्ट म्हणजे दुसऱ्याच वाक्याला कुणीतरी उत्तर ओरडतं आणि पुढची तीन वाक्यं कुणाच्या कानात शिरत नाहीत. मग ज्याचं सामान्यज्ञान चांगलं, तो जिंकतो. ज्याला ऐकण्याचा सराव हवा होता, तो होता तिथेच राहतो. म्हणून प्रश्न तयार करताना एक कसोटी लावा: ती व्यक्ती अजिबात माहीत नसलेल्या विद्यार्थ्यालाही, नीट ऐकलं तर, पाचपैकी चार गुण मिळाले पाहिजेत.

हे साधायचं तर नाव ओळखण्याला एकच गुण ठेवा आणि चार गुण ऐकलेल्या तपशिलांना द्या. प्रत्येकाला चार रकान्यांची चिठ्ठी द्या. तोंडी उत्तर बाद, सगळं लिहून. फळ्यावर आठ नावं आणि प्रत्येकापुढे व्यवसाय लिहून ठेवा, पण क्विझ त्यातल्या चौघांवरच घ्या. उरलेली चार नावं अंदाजपंचे उत्तरं रोखायला असतात, म्हणून ती जवळपासची निवडा. मेस्सी असेल तर रोनाल्डोही हवा.

एका व्यक्तीसाठी पाच वाक्यं, प्रत्येकी 6 ते 13 शब्दांची, पुरेशी होतात. क्रम धूसर माहितीपासून नेमक्या माहितीकडे. उसेन बोल्टचं उदाहरण घेऊ:

दिस पर्सन कम्स फ्रॉम ॲन आयलंड इन द कॅरिबियन.
दिस पर्सन वॉज बॉर्न इन ऑगस्ट नाइन्टीन एटी-सिक्स.
ॲज अ चाइल्ड, ही लव्ह्ड क्रिकेट.
ही वन गोल्ड मेडल्स ॲट थ्री ऑलिम्पिक गेम्स.
इन बर्लिन, ही रॅन अ हंड्रेड मीटर्स इन नाइन पॉइंट फाइव्ह एट सेकंड्स.

चिठ्ठीवरचे रकाने: जन्माचा महिना आणि वर्ष, लहानपणचा आवडता खेळ, किती ऑलिम्पिक, किती सेकंद. पहिल्या दोन वाक्यांत ‘ही’ किंवा ‘शी’ मुद्दाम टाळलं आहे, कारण त्या एका शब्दाने फळ्यावरची निम्मी नावं आपोआप गळतात.

याच पाच वाक्यांत चुका कुठे होतील हे आधीच सांगता येतं. चौथ्या वाक्यातलं ‘वन’ म्हणजे ‘जिंकला’, पण उच्चार ‘एक’ या अर्थाच्या ‘वन’सारखाच, त्यामुळे काही जण ‘एक सुवर्णपदक’ समजतात. ‘मेडल्स’मधला शेवटचा ‘स’ ऐकला असता तर शंका आली असती. तो ‘स’ पकडायला शिकवणं हेच त्या वाक्याचं काम. दुसऱ्या वाक्यात ‘बॉर्न इन ऑगस्ट’ सलग बोललं की ‘बॉर्निनॉगस्ट’ असं एकच लांब शब्दासारखं वाटतं. शेवटच्या वाक्यात दशांश चिन्हानंतरचे आकडे सुटे वाचले जातात, ‘फिफ्टी एट’ अशी जोडी होत नाही.

आकडे हा या सरावाचा सर्वांत कसदार भाग आहे, तेव्हा प्रत्येक व्यक्तीला निदान दोन आकडे ठेवाच. मेस्सी स्पेनला गेला तो 13 व्या वर्षी, आणि ‘थर्टीन’ऐवजी ‘थर्टी’ ऐकणारे वर्गात हमखास निघतात. फरक शेवटच्या ‘न’पेक्षा आघातात जास्त आहे: ‘थर्टीन’मध्ये जोर सहसा दुसऱ्या भागावर आणि ‘टी’ लांब, ‘थर्टी’मध्ये जोर पहिल्यावर. मेरी क्युरीची दोन नोबेल पारितोषिकं, 1903 आणि 1911, हीसुद्धा उत्तम. पहिलं साल ‘नाइन्टीन ओ थ्री’ असं वाचा. ‘ओ’ म्हणजे शून्य हे माहीत नसलेले 193 लिहून मोकळे होतात.

वाचताना मिनिटाला साधारण 100 ते 120 शब्दांचा वेग नवशिक्यांना झेपतो. मात्र वेग कमी करायचा तो वाक्यखंडांमध्ये थांबून, शब्द तोडून नव्हे. एकेक शब्द सुटा करून वाचला तर वर्गात सगळ्यांना सगळं कळतं आणि वर्गाबाहेर काहीच कळत नाही.

40 मिनिटांच्या तासात चार व्यक्ती आरामात होतात, प्रत्येकी सात मिनिटं. सुरुवातीची पाच मिनिटं अडणाऱ्या चार-पाच शब्दांना द्या. पहिल्या वाचनाला पेन खाली, फक्त ऐकायचं. दुसऱ्या वाचनाला रकाने भरायचे. मग शेजाऱ्याशी उत्तरं ताडून पाहायची. तिसरं वाचन फक्त कुणी इंग्रजीत मागितलं तरच, ‘कुड यू रिपीट द लास्ट पार्ट, प्लीज?’ असं. विद्यार्थी मागतील तितक्या वेळा वाचत राहिलात तर पहिलं वाचन कुणी मन लावून ऐकणारच नाही. मराठीत अर्थ सांगण्याचा मोहही इथेच होतो. तो आवरा, नाहीतर सगळे भाषांतराची वाट पाहत बसतात.

शेवटी पाचही वाक्यं फळ्यावर लिहा आणि पुन्हा एकदा वाचा. चुकलेल्या विद्यार्थ्याला आपण काय ऐकलं आणि प्रत्यक्षात काय होतं हे तेव्हाच दिसतं. ही पायरी वेळेअभावी गाळली जाते, पण गाळायचीच वेळ आली तर चौथी व्यक्ती गाळा, ही नाही.

माहिती निवडताना वय, एकूण पुरस्कार, लग्न अशा बदलत्या गोष्टी टाळा. जन्मवर्ष आणि घडून गेलेल्या घटना शिळ्या होत नाहीत. दिसणं आणि खासगी भानगडी तर नकोतच.

रेकॉर्डिंग वापरणार असाल तर ते आधी शेवटच्या बाकावर बसून ऐका. भरल्या वर्गात मोबाइलचा आवाज मागे पोचत नाही आणि मग चूक कानाची की आवाजाची हे ठरवता येत नाही. दोन-तीन क्विझ झाल्या की गटांना स्वतःची पाच वाक्यं लिहून वाचायला सांगा. वाक्यं आदल्या दिवशी तपासून घ्या आणि वाचणारे बदलत ठेवा, म्हणजे कान एकाच आवाजाला सरावून राहत नाही.