निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर या चुका टाळा

निरोप समारंभातला नारळ अजून देवापुढेच होता, तोच बँकेतून फोन. "सर, चहाला या ना." तीस वर्षं त्याच शाखेत पासबुक धरून रांगेत उभा राहिलो, तेव्हा पाणी कुणी विचारलं नव्हतं. आज केबिन, चहा, वर बिस्किटं! "एफडीपेक्षा भारी आहे, सर," म्हणत बँकेतल्या माणसाने पेन पुढे केलं आणि आयुष्यभर मुलांना प्रश्न नीट वाचून उत्तर लिहा म्हणून सांगणाऱ्या मी न वाचता सात ठिकाणी सह्या ठोकल्या. घरी आलेलं जाड पाकीट न फोडताच शोकेसच्या खणात ठेवलं. वर्षाने दुसऱ्या हप्त्याचा मेसेज आला तेव्हा उजेड पडला, की ही विमा पॉलिसी आहे आणि दरवर्षी लाख रुपये भरायचेत.

पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. माझ्या वेळी १५ दिवसच होते. म्हणून पाकीट त्याच दिवशी फोडा. मुदत गेली असेल तर कंपनीकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. ३० दिवसांत दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, तिथे फी लागत नाही.

दुसरी चूक आळसाची. मी ५८व्या वर्षी निवृत्त झालो. ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीनंतरचीच, असं धरून चाललो. प्रत्यक्षात ५५ ते ६० या वयात निवृत्त होणाऱ्यांनाही ती खुली असते, फक्त निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून ठरावीक मुदतीत भरावे लागतात. पूर्वी एक महिना होता, २०२३ पासून तीन महिने आहे. माझे पैसे दोन वर्षं बचत खात्यात लोळत पडले.

पतपेढीत एखादा टक्का जास्त मिळतो खरा, पण बँकेतल्या ठेवीला असलेलं ५ लाखांपर्यंतचं विमा संरक्षण पतसंस्थेला नाही. संचालक आपल्या गावचा असला तरी नाही.

नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला. खडूने झिजलेली माझी बोटं यंत्राला पटेनात, चार वेळा पुसून ठेवली तरी नाही. तिथल्या पोराने मोबाईलसमोर चेहरा धरायला लावला, पापण्यांची उघडझाप करायला सांगितली आणि काम झालं. हेलपाटे घालू नका.

घर मुलाच्या नावावर करायचंच असेल तर बक्षीसपत्रात आपल्या सांभाळाची अट लिहून घ्या. ती असेल आणि पाळली गेली नाही, तर २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते रद्द करून मागता येतं. मुलगा चांगला असला तरी लिहा. माझा चांगलाच आहे.

परवा दोनशे पानी वहीत खाती, ठेवी, वारसनोंदी सगळं उतरवून हिच्या हातात दिलं. हिने चष्मा लावून शेवटपर्यंत चाळलं आणि म्हणाली, "लॉकरची किल्ली कुठे ठेवलीय, ते कुठंय?"