माळ्यावरचं रीळ पुन्हा फिरतं करताना

माळ्यावरून गळाचं जुनं रीळ खाली काढलं की हात आधी हँडलकडे जातो. तो आवरा. हँडल फिरवू नका आणि तेलही सोडू नका.

पंचवटीत आमचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. सुट्टीच्या दिवशी वडील गंगापूर धरणाच्या पाण्यावर गळ टाकायला जायचे. ते गेल्यावर त्यांचं रीळ मी हातात घेतलं, मशीनला घालतो ते तेल चार थेंब सोडलं आणि फिरवत बसले. करकर वाजत होतं, तरी मी फिरवतच राहिले. महिन्याभराने उघडलं तर आत बारीक वाळू, सुकलेलं ग्रीस आणि माझं तेल यांची लुगदी झालेली. तिने पितळी चक्राचे दात खाऊन टाकले होते. ते चक्र मी जपून ठेवलंय. तेव्हापासून आधी धुणं, मग उघडणं आणि तेल सगळ्यात शेवटी, हा क्रम मी कधीच मोडला नाही.

आता सांगते ते रत्नागिरीच्या मामांच्या रिळाबद्दल. पेन कंपनीचं २०९ मॉडेल, काळ्या प्लेटा, पितळेवर क्रोम चढवलेला स्पूल, म्हणजे दोरा गुंडाळायची फिरकी. खाऱ्या पाण्यात वापरलेलं आणि नंतर अकरा वर्षं गोणपाटात पडलेलं. नाशिकच्या माणसाला गोड्या पाण्यातलं रीळ माहीत असतं. ते बहुधा गाळाने आणि वाळलेल्या ग्रीसने अडकतं. समुद्राचं रीळ मिठाने मरतं, आणि मीठ कोरडं पडलं तरी थांबत नाही. पावसाळी हवेतला ओलावा ओढून ते धातू खातच राहतं.

म्हणून पहिलं काम पाण्याचं. जुना तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, सगळा कापून काढा, कारण त्याच्या वेढ्यांखाली मीठ दडलेलं असतं. कापलेल्या तंगूसाचे बोटभर तुकडे करून कचऱ्यात टाका, काठावर सोडू नका. पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात. मग ड्रॅगची, म्हणजे ठरावीक ओढीला दोरा सुटू देणाऱ्या ब्रेकची, चांदणीच्या आकाराची चकती पूर्ण सैल करून रीळ कोमट पाण्यात बुडवून ठेवा. एक दिवस, पाणी तीनदा बदलून. नंतर झटकून, पंख्याखाली किंवा केस वाळवायच्या मशीनने पूर्ण सुकवा.

वाळल्यावर नीट बघा. तांबडं दिसतं तो पोलादाचा गंज. हिरवं ते पितळेचं. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकतं, त्याच जातीचा तो कळंक. ॲल्युमिनियमची बॉडी असेल तर पांढरी पूड दिसेल. ती स्क्रूच्या भोवती सगळ्यात जास्त असते, कारण ॲल्युमिनियममध्ये पोलादी स्क्रू आणि मधे खारं पाणी आलं की विजेचा एक लहानसा सेलच तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. ती पूड जागा अडवते आणि स्क्रू आवळला जातो.

खरी परीक्षा या स्क्रूंचीच. मामांच्या रिळातला एक स्क्रू निघायला मला तीन दिवस लागले. स्क्रू ड्रायव्हरचं पातं खाचेत अगदी घट्ट बसलं पाहिजे. बाजारातल्या ड्रायव्हरचं टोक उतरतं असतं, ते खाचेतून वर सरकतं आणि डोकं खराब करतं. माझ्याकडे बॉबिन केसच्या स्क्रूंसाठी कानशीने घासून सरळ केलेले तीन ड्रायव्हर आहेत, तेच कामाला आले. तुम्हीही एक स्वस्तातला ड्रायव्हर घ्या आणि खाचेच्या मापाने घासा. गंज सोडवणारं तेल स्क्रूच्या कडेने एक थेंब सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी ड्रायव्हर बसवून त्याच्या मुठीवर हलके टोले द्या. मग स्क्रू आधी किंचित आवळायचा, नंतर सोडवायचा. हलला तर पुन्हा थेंब, पुन्हा थांबा.

तरीही हलला नाही तर ऊब द्यायची. तेल पूर्ण पुसा, कारण ते पेट घेतं. मग सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक फक्त स्क्रूच्या डोक्यावर थोडा वेळ टेकवा. गॅसची ज्योत कधीही नाही. काळी प्लेट तडकते. काही रिळांची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असते, आणि शुद्ध जस्तसुद्धा ४२० अंशांच्या आसपास वितळतं. ज्योत त्याच्या कितीतरी पुढे जाते.

उघडताना प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर फोटो काढा. भाग ताटात ओळीने मांडा, डावीकडून उजवीकडे, निघाले त्या क्रमाने. उलटं फिरणं अडवणाऱ्या खटक्याखाली एक बारीक स्प्रिंग असते, ती उडते. तो भाग मी पारदर्शक पिशवीत हात घालून उघडते. ड्रॅगचे वायसर एक आड एक असतात, एक धातूचा, एक तंतूंचा. ते तारेत ओवून ठेवा, क्रम बदलू नका.

धुवायला रॉकेल उत्तम, पण आता ते सहज मिळत नाही. डिझेल चालतं. पेट्रोल नको. गॅलरीत बसा, चुलीपासून लांब, आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने घासा. तंगूस सारखा पसरवणाऱ्या आडव्या दांड्याच्या चरांत सगळ्यात चिवट मळ बसतो, तो दाताच्या काडीने काढा. ड्रॅगचे तंतूंचे वायसर मात्र डिझेलमध्ये घालू नका, कोरड्या कापडाने पुसा. चिरलेले किंवा चकाकी येऊन गुळगुळीत झालेले असतील तर बदला.

पितळेला चिंच पुरते, भांड्यांना लावतो तशीच. दहा मिनिटं, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच पुसा. पोलादी भाग व्हिनेगरमध्ये दोन-तीन तास, नंतर सोडा, पाणी, ऊब आणि ताबडतोब तेल. क्रोमवरच्या गंजाच्या ठिपक्यांना स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल चुरगळून पाण्यात बुडवून घासा, क्रोमपेक्षा ती मऊ असते. ॲल्युमिनियमच्या भागांना आम्लही नको आणि कॉस्टिक सोडाही नको. एका गिऱ्हाइकाने ॲल्युमिनियमचा स्पूल रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवला होता, तो काळवंडून खड्ड्याखड्ड्यांचा झाला. अशा भागाला साबणाचं पाणी, नायलॉनचा ब्रश आणि फार तर हजार नंबरचा पॉलिश पेपर ओला करून. खड्डे राहतील. राहू द्या.

बेअरिंग असेल तर डिझेलमध्ये धुऊन, वाळवून बोटावर फिरवा. खरखर लागली तर नवीन आणा. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी व्हर्नियरने मोजून न्या. ३ बाय १० बाय ४ मिलीमीटर निघालं तर दुकानात ६२३ मागायचं, जमल्यास स्टेनलेस. चक्राचा दात तुटलेला असेल तर त्याच मॉडेलचं दुसरं मेलेलं रीळ शोधा. अंबड लिंक रोडच्या भंगारातून मी असं एक आणलं होतं.

आता तेल. खोबरेल घालू नका. नाशिकच्या थंडीत ते थिजतं आणि रीळ पहाटे हलत नाही. स्पूलच्या दोन्ही टोकांना शिलाई मशीनचं तेल, एकेक थेंब. दातांना पाण्याने न धुतलं जाणारं मरीन ग्रीस, पातळ थर, दात दिसत राहतील इतकाच. परत बसवताना प्रत्येक स्क्रूचे आटे ग्रीसमध्ये बुडवून बसवा. दोन धातूंमध्ये पाणी शिरत नाही आणि पुढच्या वेळी तीन दिवस जात नाहीत.

ज्यांना शिलाई मशीनच्या धाग्याचं टेन्शन, म्हणजे ताण, कळतं त्यांना ड्रॅग लगेच कळतो. चकत्यांवर दाब, आणि ठरावीक ओढीला धागा गुळगुळीत सुटला पाहिजे. नवा तंगूस भरून टोकाला वजनाचा स्प्रिंगचा काटा बांधा आणि ओढा. तंगूस आठ किलोचा असेल तर ड्रॅग दोन ते अडीच किलोवर सुटायला हवा, झटका न देता. झटके येत असतील तर वायसरला अजून तेल किंवा मीठ आहे, पुन्हा उघडा. मी मामांचं रीळ दोनदा उघडलं.

वापरून आल्यावर ड्रॅग घट्ट करून नळाच्या बारीक धारेखाली धरा, मग सैल करा आणि सुती पिशवीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको. धरणावर नेण्याआधी तिथल्या मच्छीमार संस्थेला विचारून जा, आणि नांदूर मध्यमेश्वरला नेऊ नका, ते अभयारण्य आहे. मामांचं रीळ मी कुरियरने पाठवलं नाही. दिवाळीत रत्नागिरीला स्वतः घेऊन गेले. त्यांनीही आधी हँडललाच हात घातला, आणि या वेळी मी अडवलं नाही.